चित्रकलेचा तास आणि मोबाइलचा डोळा

वस्तुचित्र शिकवताना चित्रकलेच्या शिक्षकापुढे एक जुनी अडचण असते. टेबलावर पितळी तांब्या ठेवलेला असतो आणि समोर पन्नास मुले. पहिल्या बाकावरच्या मुलीला तांब्याचे तोंड रुंद लंबवर्तुळाकार दिसते. शेवटच्या बाकावरून तेच तोंड चपटे होत जवळजवळ रेषेसारखे दिसते. सर फळ्यावर एकच तांब्या काढतात आणि मागची मुले समोरचा तांब्या सोडून फळ्यावरचा तांब्या उतरवतात. रंगकामाच्या वेळी अडचण आणखी वाढते. सर ब्रशला पाणी किती घेतात, तो कागदावर कसा टेकवतात, रंग कुठे थांबवतात, हे टेबलाभोवती कोंडाळे करून उभ्या असलेल्या सात-आठ मुलांनाच दिसते. बाकीच्यांना सरांची पाठ दिसते.

यावरचा उपाय आज बहुतेक शाळांमध्ये हाताशी आहे. लोकवर्गणीतून टीव्ही किंवा प्रोजेक्टर घेतलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही आता कमी नाहीत. मोबाइल टीव्हीला जोडला आणि सरांच्या कागदावर वरून धरला, की त्यांचा हात साऱ्या वर्गाला दिसतो. महागडा स्टँड नसला तरी चालते. दोन बाजूंना पुस्तकांची चळत, त्यावर आडव्या दोन फूटपट्ट्या आणि मधल्या फटीतून कागदाकडे पाहणारा मोबाइल, एवढी मांडणी पुरते. इंटरनेटचीही गरज नाही. मोबाइलला जुळणारी एक केबल असली की काम होते.

कलाशिक्षणात डिजिटल साधने म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे टॅब्लेटवर चित्र काढणारे मूल येते. तेही करता येते आणि पुढे त्याबद्दल सांगणार आहेच. पण शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग चित्राकडे नीट पाहण्यासाठी आणि चित्राबद्दल नीट बोलण्यासाठी होतो. हात कागदावरच राहू द्यावा. डोळा आणि संवाद यांना मात्र या साधनांची जोड द्यावी. या प्रकरणाचा सारा भर त्यावर आहे.

तांब्याचे तोंड कसे उघडते

पुन्हा त्या तांब्याकडे येऊ. मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो टीव्हीला जोडा आणि टेबलाच्या पातळीपासून हळूहळू वर न्या. कॅमेरा तांब्याच्या काठाच्या बरोबर समोर येतो तेव्हा काठाची सरळ रेषा होते. थोडा वर गेला की ती रेषा फुगून अरुंद लंबवर्तुळ होते. आणखी वर नेला की लंबवर्तुळ रुंदावत जाते आणि अगदी डोक्यावर आला की पूर्ण वर्तुळ दिसते. ‘नेत्रपातळी’ हा शब्द वहीत लिहून घेऊन जे कळत नाही, ते या अर्ध्या मिनिटात कळते.

आता टीव्हीवरचे चित्र थांबवा आणि मुलांना बूड पाहायला सांगा. काठ आणि बूड दोन्ही डोळ्यांच्या पातळीखाली असतील, तर बुडाची कड काठापेक्षा जास्त गोलाकार दिसते, कारण ती नेत्रपातळीपासून जास्त खाली असते. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीतली असंख्य चित्रे इथेच फसतात. तोंड गोल आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ! भांडे सपाट टेबलावर ठेवलेले आहे हे मुलाला माहीत असते, म्हणून ते माहीत असलेले काढते, दिसत असलेले काढत नाही. वस्तुचित्राचे शिक्षण म्हणजे ही सवय मोडणे.

इथे एक धोकाही लक्षात ठेवायला हवा. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद भाग टिपतो. मोबाइल तांब्याच्या वीतभर जवळ नेला, तर तांब्याचा पुढचा भाग अवास्तव फुगलेला दिसतो आणि मागच्या वस्तू एकदम लहान होतात. दोन-तीन पावले मागे जाऊन झूम केले, की आकार डोळ्यांना दिसतात तसे येतात. आणि हे सारे दाखवून झाल्यावर टीव्ही बंद करायचा. मुलांनी चित्र काढायचे ते समोरच्या वस्तूवरून, हात लांब करून पेन्सिलीने मापे घेत, एक डोळा मिटून. पडद्यावरचा तांब्या आधीच सपाट झालेला असतो. तीन मितींमधली वस्तू दोन मितींच्या कागदावर आणण्याचे काम मुलाच्या मेंदूने करायचे आहे. कॅमेऱ्याने ते करून दिले तर शिकायचे काय उरले?

नक्कल करताना काय शिकले जाते

चित्रांच्या प्रती काढण्याची साधने आणि कलाशिक्षण यांचे नाते आजचे नाही, आणि त्याचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रात घडला. 1844 मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम आले. त्याने तिथे वर्षानुवर्षे राहून कॅनव्हासवर मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम 1885 पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार या विद्यार्थ्यांपैकीच. लंडनला पाठवलेल्या या प्रतींपैकीही अनेक पुढे दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या.

प्रती गेल्या, तरी त्या करताना विद्यार्थ्यांना मिळालेले शिक्षण गेले नाही. लेण्यांच्या अंधुक उजेडात एका हाताच्या मुद्रेपुढे दिवस घालवताना, बोटांची वळणे आणि बाह्यरेषेचा जोर पुन्हा पुन्हा तपासताना त्यांच्या नजरेला वळण लागले. आज अजिंठ्याचा पद्मपाणी मोबाइलवर दोन सेकंदांत येतो. चित्र मिळवण्यासाठी पूर्वी जे पाहावे लागत होते, ते पाहणे मधल्या मध्ये गळून गेले. म्हणून आजच्या शिक्षकाला पाहण्याचे काम तासात मुद्दाम परत आणावे लागते.

चित्र आत शिरून पाहणे

त्यासाठी आज जी साधने आहेत, ती ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना स्वप्नातही दिसली नसती. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने 17 संग्रहालयांच्या साथीने ‘आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. प्रत्येक संग्रहालयातले एक चित्र त्यात अतिशय सूक्ष्म तपशिलांसह टिपलेले होते. व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’मधला रंगाचा जाड थर, ब्रशच्या केसांनी त्यात पडलेल्या रेघा, मध्येच उघडा राहिलेला कॅनव्हास हे सारे त्यात दिसते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2022 मध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे छायाचित्र प्रसिद्ध केले, ते 717 गिगापिक्सेलचे, म्हणजे 717 अब्ज बिंदूंचे आहे. 8,439 छायाचित्रे जोडून ते तयार केले आहे. त्यातल्या शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधले मूळ चित्रावरचे अंतर आहे 5 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. चित्रासमोर प्रत्यक्ष उभे राहूनही एवढे दिसत नाही.

असे चित्र वर्गात कसे वापरावे? माझा आग्रह असा, की सुरुवातीला काहीच सांगू नये. चित्रकाराचे नाव नको, वर्ष नको. पूर्ण चित्र दोन मिनिटे पडद्यावर ठेवावे आणि मुलांनी गप्प राहून पाहावे. मग विचारावे, ‘काय दिसते?’ पहिली उत्तरे वस्तूंची येतात: माणसे, टोप्या, भाले, कुत्रा. दुसरा प्रश्न, ‘उजेड कुठून येतो?’ इथे वर्ग थबकतो आणि खरे पाहणे सुरू होते. एखादे मूल सावल्यांचा माग काढत सांगते, डावीकडून. मग त्या सावलीपाशी चित्र मोठे करायचे. मुलांच्या प्रश्नामागून झूम जावा. झूमच्या मागून मुलांना ओढू नये.

पडद्याचे दोन खोटेपणे मात्र मुलांना सांगायलाच हवेत. पहिला आकाराचा. पडद्यावर सगळी चित्रे सारख्याच मापाची होतात. ‘नाइट वॉच’ सुमारे 3.79 मीटर उंच आणि 4.54 मीटर रुंद आहे. अनेक मुघल लघुचित्रे वहीच्या पानावर मावतील एवढी असतात. शाळेच्या पटांगणात खडूने 3.79 बाय 4.54 मीटरचा चौकोन आखून मुलांना त्यात उभे करावे आणि शेजारी वहीचे पान ठेवावे. मोजपट्टी आणि खडू एवढ्या साहित्यात हा धडा होतो आणि चित्र भिंतीवर टांगून पाहायचे की हातात धरून, याने ते काढण्याची पद्धतच कशी बदलते ते समजते. दुसरा खोटेपणा रंगाचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे.

उजेडाचा पिवळा आणि बाटलीतला पिवळा

मोबाइलच्या पडद्यावर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि पांढरे पान उघडा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या जागी लाल, हिरवे आणि निळे ठिपके चमकताना दिसतात. पडद्यावरचा प्रत्येक रंग या तिघांच्या कमीअधिक उजेडातून तयार होतो. प्रत्येकाच्या 256 पायऱ्या धरल्या, तर 256 गुणिले 256 गुणिले 256, म्हणजे 1,67,77,216 रंग होतात. पडद्यावर पिवळे पान उघडले, तर थेंबाखाली पिवळा ठिपका सापडत नाही. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम पेटलेले असतात आणि आपल्या डोळ्यांना त्यांचा मेळ पिवळा वाटतो.

आता पोस्टर कलरच्या बाटल्या उघडा आणि लाल-हिरवा कालवा. पिवळा येणार नाही. मळकट तपकिरी येईल. कारण रंगद्रव्य उजेड निर्माण करत नाही, ते पडलेल्या उजेडातला काही भाग शोषून घेते. दोन रंग मिसळले की दोघेही आपापला वाटा शोषतात आणि उरतो तो कमी उजेड. पडद्यावर रंग मिसळले की उजेड वाढतो, ताटलीत मिसळले की घटतो. विज्ञानाचे शिक्षक आणि चित्रकलेचे शिक्षक यांनी एकत्र घ्यावा असा हा तास आहे. तो घेतल्यावर मोबाइलवरचा झगमगता मोरपंखी कागदावर का उतरत नाही, या प्रश्नाने मूल खट्टू होत नाही. दोष आपल्या हाताचा नाही हे त्याला कळते.

काळेपांढरे आणि उलटे

मोबाइलमधल्या दोन साध्या सोयी वर्षभर रोज वापराव्यात इतक्या मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे फोटो काळापांढरा करणे. शाळकरी चित्रांचा सर्वांत मोठा दोष रंगांचा नसतो, उजळ-गडदपणाचा असतो. लाल सफरचंद आणि हिरवे पान रंगाने वेगळे असतात. पण दोन्ही सारख्याच गडद छटेत रंगवले, तर चित्र दुरून सपाट दिसते. मुलाने आपल्या चित्राचा फोटो घेऊन तो काळापांढरा करावा. सफरचंद आणि पान एकमेकांत मिसळून गेले, तर चूक कुठे आहे ते शिक्षकाने सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी सोय म्हणजे चित्र आडवे उलटवणे, डावीकडचे उजवीकडे. आपल्या चित्राला डोळा सरावतो आणि कललेला घडा, एका बाजूला घसरलेला चेहरा दिसेनासा होतो. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना चित्र आरशात पाहण्याचा सल्ला दिला होता, तो याच कारणासाठी. आता तो आरसा प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

स्मरणचित्रालाही मोबाइलचा उपयोग करता येतो. ‘आठवडी बाजार’ हा विषय दिला, की मुले इंटरनेटवर चित्र शोधतात आणि वर्गात एकाच बाजाराच्या वीस नकला जमतात. त्याऐवजी मुलांनी आपल्याच गावच्या बाजाराचे दोन-चार फोटो घ्यावेत, अर्थात तिथल्या माणसांना विचारून. वर्गात एक फोटो एक मिनिट पाहायचा, मोबाइल बंद करून ठेवायचा आणि मग काढायचे. तराजू तोलणाऱ्या बाईंचा कोपर किती वाकला होता? ओझे डोक्यावर घेतलेल्या माणसाची मान कशी होती? आठवले नाही तर पुन्हा एक मिनिट पाहायचे. डोंगर, नदी आणि उगवता सूर्य या ठरलेल्या चित्रापासून मुलांना सोडवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

चित्राबद्दल बोलायचे कसे

चित्रकलेला आठवड्यात मोजके तास मिळतात. एकेका मुलाशी त्याच्या चित्राबद्दल बोलायला वेळ कुठला? मग चित्रावर येतो एक शेरा, ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’. दोन्हींतून मुलाला काहीच कळत नाही.

इथे व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज फार उपयोगी पडतो. लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे, आणि सरांचा किंवा बाईंचा ओळखीचा आवाज मुलाला धीर देतो. ज्या घरात आईवडिलांना वाचायला अवघड जाते, तिथेही तो पोहोचतो. वीस सेकंद पुरतात: ‘तांब्याचा काठ मस्त गोल आलाय. आता बूड बघ, ते सरळ झालंय. तांब्या पुन्हा समोर ठेव आणि फक्त बूड काढून पाठव.’ यात एक नेमकी दाद आहे, एक नेमकी चूक आहे आणि उद्या करायचे एक छोटे काम आहे. शेरा असाच असावा.

हे सारे जमण्यासाठी फोटो नीट आला पाहिजे, आणि तो काढायला मुलांना एकदा शिकवले पाहिजे. फोटो खिडकीजवळ किंवा ओसरीत, उन्हाची तिरीप टाळून काढावा. फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइल कागदाला समांतर धरावा आणि कागदाच्या चारही कडा दिसू द्याव्यात. घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निळे आकाश हिरवट होते आणि शिक्षक नसलेली चूक दाखवतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते; बारीक रेघा दिसायच्या असतील तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. शक्य असेल तर एका चित्राचे तीन फोटो घ्यावेत: नुसती बाह्यरेषा झाल्यावर, पहिला रंग दिल्यावर आणि शेवटी. चित्र कुठे बिघडले आणि कुठे सावरले हे त्यातूनच दिसते. पालकांनी किंवा ताई-दादाने केलेली ‘मदत’ही त्यातच दिसते.

गटात काय टाकायचे आणि खासगीत काय बोलायचे, याचा नियम पक्का असावा. चूक नेहमी खासगीत सांगावी. गटात सर्वांच्या चित्रांना जागा मिळावी. दर वेळी त्याच चार हुशार मुलांची चित्रे झळकली, तर उरलेली मुले चित्रे पाठवणे बंद करतात. मोबाइल वडिलांकडे असतो आणि ते संध्याकाळी उशिरा घरी येतात, हे गृहीत धरून मुदत द्यावी. ज्या घरी मोबाइलच नाही, त्या मुलाचे चित्र शिक्षकांनी शाळेत स्वतःच्या मोबाइलवर टिपावे आणि समोर बसून बोलावे. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावे यांसह चित्रे सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे.

ज्यांच्यापर्यंत शिक्षकाचे बोलणे एरवी पोहोचतच नाही, अशा मुलांनाही या साधनांनी जवळ आणता येते. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी बोललेले शब्द लगेच पडद्यावर उमटवणारी ॲप आहेत. लाल आणि हिरवा यांत घोटाळा करणारे मूल निष्काळजी नसते. ते रंगांध असू शकते. या प्रकारचे रंगांधत्व एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने ते मुलग्यांमध्ये जास्त आढळते. अशा मुलाच्या बाटल्यांवर रंगांची नावे लिहून द्यावीत आणि काळ्यापांढऱ्या फोटोच्या आधारे छटांवर भर द्यावा. छटांच्या जाणिवेत ते इतरांच्या मागे पडण्याचे काही कारण नाही.

फाळक्यांचा अंकुर

चित्राला हालचाल देणे हा मुलांच्या सर्वांत आवडीचा भाग. त्याची परंपरा आपल्या घरचीच आहे. धुंडिराज गोविंद फाळके 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ते चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, छपाईत रमले. ‘राजा हरिश्चंद्र’ बनवण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत थोडे थोडे चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. तो पाहिल्यावर त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले.

हाच प्रयोग आज शाळेत करता येतो. मोबाइल एका जागी पक्का ठेवायचा, मातीचा गोळा किंवा कागदाचा पक्षी जरा सरकवायचा, एक फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचा. सेकंदाला 12 चित्रे धरली, तर दहा सेकंदांसाठी 120 फोटो लागतात. हे गणित मुलांनीच करावे. मग कथा कोण लिहील, पात्रे कोण करील, उजेड कोण सांभाळील, अशी कामाची वाटणी आपोआप होते. चित्र काढायला बिचकणारे मूल इथे फोटो मोजणारे सर्वांत भरवशाचे माणूस ठरू शकते.

टॅब्लेट, आणि हुकमाने तयार होणारी चित्रे

पडद्यावर चित्र काढणे वाईट नाही. चित्रकार डेव्हिड हॉकनीने सत्तरी ओलांडल्यावर आधी आयफोनवर आणि मग आयपॅडवर चित्रे काढली. 2010 मध्ये पॅरिसमध्ये ती त्याच उपकरणांवर मांडली गेली. त्याला भावलेली एक गोष्ट शिक्षकांच्या कामाची आहे: काढलेले चित्र पहिल्या रेषेपासून पुन्हा चालवून पाहता येते. शाळेच्या संगणकावर ‘क्रिता’ हे चित्रकलेसाठीच बनवलेले मोफत सॉफ्टवेअर चालते. थर वेगवेगळे ठेवण्याची त्याची सोय संकल्पचित्र शिकवताना फार उपयोगी पडते. तीच नक्षी सहा रंगसंगतींत करून पाहता येते. मात्र ‘अनडू’चे बटण सुरुवातीला बंद ठेवावे. रेषा पुसता येते हे माहीत असलेला हात विचार न करता रेषा मारतो.

वाक्य लिहिले की चित्र देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता मुलांच्या हातात आली आहे. तिच्यावर नुसती बंदी घालून भागणार नाही. तिने काढलेला बैलपोळा पडद्यावर लावा आणि मुलांना चुका शोधू द्या. बैलाची झूल आपल्याकडची आहे का? बाशिंग असे असते का? कासरा कुठून येतो आणि कुठे जातो? गोठ्यात बैल असलेले मूल या तासाला वर्गाचे गुरू होते. गुण द्यायचे ते मात्र वहीतल्या प्रवासाला, कच्च्या रेखाटनांना आणि तीन टप्प्यांच्या फोटोंना द्यावेत. तयार चित्रालाच गुण दिले, तर मुले तयार चित्रच आणून देतील.

ही सारी साधने एका शिक्षकाच्या वेळेवर उभी आहेत. शाळेला नवा पडदा मिळाला आणि चित्रकलेचा तास मात्र गणिताच्या उजळणीला गेला, तर तो पडदा व्यर्थ आहे. ज्या शाळेत कलाशिक्षक आहे, तिथे त्याचा तास राखावा आणि त्याला ही साधने शिकायला अवधी द्यावा. ज्या शाळेत तो नाही, तिथे पालकांनी तो मागावा. मुलाने नीट पाहावे आणि पाहिलेले कोणालातरी सांगता यावे, एवढ्यासाठी चित्रकलेचा तास असतो. तो मागणे हा मुलांचा हक्क मागणे आहे.